पट्टीला काय चिकटलं

मारोतरावांना कुठंही बसवा, सोयरिकीच्या बैठकीत बसवा की सोसायटीच्या ओट्यावर, बोलणं फिरून फिरून बायकोच्या पायावर यायचंच.

"डॉक्टरनं सांगतलं होतं, तीन महिने पाय टेकू नको. अन् हे बाई दहाव्या आठवड्यात वावरात! कायले? तर हरभऱ्याची भाजी खुडाले! सुटली मंग पट्टी. दुसरं काय होईन?"

ऐकणारे मान हलवायचे, आणि बैठक घरची असली, की आत त्यांच्या बायकोच्या, तुळसाबाईच्या, हातातलं भांडं जरा जोरात आपटायचं.

आसेगावात असं एक घर नव्हतं जिथं ही गोष्ट पोचली नव्हती. आणि ती खोटीही नव्हती. आदल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर, सोयाबीनची पोती भरलेल्या ट्रॉलीवरून उतरताना तुळसाबाईचा पाय घसरला आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. वाशिमच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी आठ स्क्रू मारून धातूची पट्टी बसवली. बासष्ट वर्षांची बाई, उभ्या जन्मात कधी चार दिवस बाजेवर पडून राहिली नव्हती, ती अडीच महिने पडून राहिली. मग पौषातल्या एका सकाळी घराला लागून असलेल्या वावरातला हरभरा तिला खिडकीतून दिसला. शेंडे असे कोवळे, की आज खुडले नाहीत तर उद्या निबर. तिनं वॉकर घेतला, धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत, गेली, खाली टेकली आणि ओटीभर भाजी खुडून आणली. तेवढंच. पण मारोतरावांनी पाहिलं.

होळीच्या सुमारास मांडी दुखायला लागली. संध्याकाळी हात लावला तर गरम लागायची. फोटो काढला तेव्हा पट्टीच्या खालच्या टोकाचे तीन स्क्रू ढिले पडलेले दिसले. डॉक्टर म्हणाले, "लवकर वजन पडलं असेल." घरी येईपर्यंत मारोतरावांनी त्यातलं 'असेल' गाळून टाकलं.

जुनी पट्टी काढून हाडाच्या आत सळई घालायची असं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तुळसाबाई हिरवा गाऊन घालून खाटेवर बसली होती. मारोतराव औषधं आणायला खाली गेले होते. तेवढ्यात एक मुलगी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, गळ्यात ओळखपत्र, हातात पोलिओच्या डोसाचा असतो तसला निळा डबा.

"नमस्कार मावशी. मी पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करते. आज तुमची जुनी पट्टी निघणार आहे. ती तुम्ही घरी नेणार आहात का?"

"नेऊन काय करू? तिचा विळा करू?" तुळसाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. नाकाची ठेवण, हनुवटीवरचं बारीक गोंदण. "कोठची वं तू?"

"मानोऱ्याकडची. तांड्यावरची. चंदा राठोड."

"मंग अशी पुण्यावाल्यासारखी काहून बोलून राह्यली?"

चंदा हसली. "चुकलं मावशी. आता नाई बोलत."

मग ती खाटेच्या कडेवर टेकून सांगायला लागली. धातूची वस्तू अंगात गेली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत रक्तातली प्रथिनं तिच्यावर येऊन चिकटतात. पट्टी नुसती धातूची राहतच नाही, तिच्यावर एक बारीक थर बसतो. पुढं हाड त्या पट्टीला धरतं की धरत नाही, ते पुष्कळसं त्या थरावर असतं. त्या थरात कोण कोण आहे, हे ती शोधून राहिली होती.

"प्रथिनं म्हणजे ते डाळीतले? अंगणवाडीच्या भिंतीवर लिहेल असते ते?"

"जात तीच. पण हे तुमच्या सोताच्या रक्तातले, तुमच्या हाडातले."

"अन् पट्टी न्यायले तुले माही सही पायजे."

"पायजे. नाई म्हटलं तरी चालते. ऑपरेशनले काई फरक पडत नाई."

तुळसाबाई चौथी शिकलेली. तिनं कागद वैष्णवीकडून, म्हणजे सुनेकडून, वाचून घेतला आणि वाकड्या अक्षरांत सही केली. पेन मात्र परत दिलं नाही.

"एक गोष्ट हाय. काय चिकटलं होतं ते मले येऊन सांगजो. फोनवर नाई. घरी येऊन."

आतापर्यंत तिला सोळा पट्ट्या मिळाल्या होत्या. सोळांपैकी एकानंही हे विचारलं नव्हतं. "मले आधी डॉक्टरले सांगावं लागन, आमच्या समितीची परवानगी घ्यावी लागन," ती म्हणाली. "पण येईन." आणि तिनं आपल्या वहीत लिहिलं, 'आसेगाव. घरी जाऊन सांगणे.' तुळसाबाईनं ते अक्षर अक्षर वाचून पाहिलं, मग पेन दिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. मांडीतला बारीकसा तुकडा जंतू आहेत का ते पाहायला तपासणीला गेला होता; त्यात काहीच उगवलं नाही. आता तर मारोतरावांना कागदच सापडला. "पाहा, रिपोर्ट साफ हाय. जंतू नाई, काई नाई. हे आपलं भाजीचंच काम."

आणि खरं सांगायचं तर तुळसाबाईलाही ते पटत चाललं होतं. बाहेर ती भांडी आपटायची, पण आत कुठंतरी म्हणायची, आपणच केलं. सळईनं पाय चांगला धरला, वॉकर गेला, काठी गेली, तरी ती धुऱ्याच्या पलीकडं पाय टाकेना. वैष्णवी म्हणायची, "आई, चला नं, थोडंसं फिरून येऊ." ती म्हणायची, "नको माय. एकदा केलं तेवढं बस." हिवाळा लागला तरी त्यांच्या घरी हरभऱ्याची भाजी शिजली नाही. कुणी खुडली नाही आणि कुणी मागितली नाही.

चंदाचे फोन मात्र यायचे. "मावशी, तुमच्या पट्टीवरचं सगळं धुऊन काढलं." महिनाभरानं, "मावशी, मशीनवर नंबर लागला." मग, "मावशी, मशीन बंद पडलं, परदेशातून पार्ट येऊन राह्यला." मग, "मोजून झालं, पण सर म्हणतात दुसऱ्यांदा पाहू." तुळसाबाईला राग यायचा नाही. ज्या पोरीला दुसऱ्यांदा पाहायला लाज वाटत नाही, तिचं काम सच्चं असणार, असा तिचा हिशेब.

नऊ महिने गेले. जानेवारीतल्या एका रविवारी अंगणात तूर वाळत पडली होती, आणि फाटकाशी स्कूटी थांबली. पुढं चंदा, मागं ठसठशीत चांदीच्या बांगड्या घातलेली एक उंच बाई. ती चंदाची आई, जमनाबाई. वीस वर्षं ऊसतोडीला गेलेली, आता तांड्यावरच राहणारी. "पोट्टी म्हणे एका घरी निकाल सांगाले जाऊन राह्यली," तिनं आल्या आल्या सांगितलं, "मी म्हटलं, मलेई आयकू दे. माह्यासमोर तर कधी काई सांगत नाई."

"तू आयकतच नाई, याडी," चंदा आईला म्हणाली.

"बसा माय, बसा," तुळसाबाईनं बाज ओढली. दोघी बायकांनी एकमेकींच्या हातांकडे पाहिलं. दोघींच्या तळव्यांना सारखेच घट्टे होते. दोघी तिथंच मैत्रिणी झाल्या.

चंदानं बाजेवर लॅपटॉप उघडला. वैष्णवीनं चहा आणला. शेजारच्या चार बाया तूर पाखडण्याच्या निमित्तानं आल्या आणि पाखडायचं विसरल्या. मारोतराव खुर्ची जरा लांब घेऊन बसले, पण कान इकडेच.

"तर मावशी," चंदा म्हणाली, "तुमच्या पट्टीवर चारशे बारा प्रकारचे प्रथिनं सापडले."

"चारशे बारा!" शेजारीण म्हणाली. "एवढ्याशा पट्टीवर?"

"मोजले कसे?" मारोतरावांनी लांबूनच विचारलं. "दिसतात काय ते?"

"दिसत नाईत काका. वजन करून ओळखतो. प्रथिनं पट्टीवरून धुऊन काढायचे, मग त्याइचे बारीक बारीक तुकडे करायचे अन् मशीनमध्ये सोडायचे. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात त्या मशीनले. ते एकेका तुकड्याचं वजन करते. प्रत्येकाच्या तुकड्याचं वजन वेगळं. वजनावरून समजते हा कोणाचा तुकडा."

"म्हणजे काटाच."

"काटाच समजा."

"बाजारात तं पोत्यामागं किलो मारतात," मारोतराव म्हणाले. "तुह्या काट्याचा काय भरोसा?"

"आमचा काटा एका हायड्रोजनच्या कणाचा फरक दाखवते काका. मारतो म्हटलं तरी मारता येत नाई."

पडद्यावर आडवी रेघ होती आणि तिच्यावर उभ्या रेघाच रेघा, काही बुटक्या, काही उंच, शेतात कपाशीची पऱ्हाटी उभी असावी तशा. तुळसाबाई चष्मा लावून वाकून पाहत राहिली. "हे सगळं माह्या मांडीत होतं?"

"होतं. आता कोण आधी आलं अन् कोण मागून, ते सांगते." चंदानं सुरुवात केली, पण नावं यायला लागली तशी तिची वाट चुकायला लागली. अल्ब्युमिन रक्तात सगळ्यात जास्त असतं, ते आधी पोचतं. मग फायब्रिनोजन येतं, ते अल्ब्युमिनला हटवतं. मग फायब्रोनेक्टिन, त्याला हाडाच्या पेशी धरतात. बायांना पाखडणं आठवलं. जमनाबाईनं जांभई दिली. चंदाचा चेहरा पडला.

तुळसाबाई मात्र डोळे बारीक करून ऐकत होती. "थांब थांब," ती म्हणाली. "मंगरूळच्या स्टँडवर बाजाराच्या दिवशी यष्टी लागली का काय होते?"

"काय?"

"माणूस चढाच्या आधी रुमाल चढते. खिडकीतून. ज्याचा रुमाल सीटवर, त्याची सीट. बरोबर? मंग आत धक्काबुक्कीत कोणी दांडगा येते, पोट्ट्याचा रुमाल फेकते अन् आपली थैली ठेवते. तसंच हाय नं हे? आधी हलके आले, मंग दांडग्याइनं त्याइले उठवलं."

चंदानं लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

"अन् सीटवर शेवटी बसते कोण," तुळसाबाई पुढं म्हणाली, "हे रुमाल कोणाचा हाय त्याच्यावर. प्रथिनं म्हणजे रुमाल. बसणारी सवारी वेगळी. हाडाच्या पेशीचा रुमाल असन तं हाड बसन."

"मावशी," चंदा म्हणाली, "पाच वर्षं झाली मी हे लोकाइले समजावून राह्यली. पुण्यात, हैदराबादले, एकदा तं परदेशातल्या लोकाइसमोर. इतकं साधं मले एकदाबी नाई जमलं. मी हे सांगू का पुढं? तुमचं नाव घेऊन?"

"सांग नं. यष्टी काय माही हाय?"

अंगण हसलं. जमनाबाईची झोप उडाली. तिनं मुलीला कोपरानं ढोसलं, "आता समजलं मले तू काय करतं ते. रुमाल पाह्यतं."

मग चंदानं दुसरं चित्र उघडलं आणि तिचा आवाज जरा हळू झाला. "मी पट्टीचे दोन्ही टोक वेगवेगळे तपासले. वरच्या टोकाले हाड बनवणाऱ्या पेशीचे प्रथिनं भरपूर सापडले. म्हणजे तठी तुमचं हाड पट्टीले धरून राह्यलं होतं. चांगलं धरून. डॉक्टर सांगत होते, वरचे स्क्रू काढताना घाम फुटला."

"अन् खालचं?"

"खालच्या टोकाले हाडाचे लय कमी. तठी लढाई करणाऱ्या पांढऱ्या पेशीचे प्रथिनं खच्चून भरले होते. अन् त्याइच्या मधात तेवीस प्रथिनं असे सापडले, जे माणसाचे नाईतच."

तुरीवर एक चिमणी उतरली होती, तिला कुणी हाकललं नाही.

"मंग कोणाचे?" तुळसाबाईनं विचारलं.

"जंतूचे. लय साधा जंतू हाय. सगळ्याइच्या कातडीवर राहते. तुमच्या, माह्या, काकाच्या. कोणाची चूक नसते, तो कधीमधी आत जाऊन बसते. अन् गुपचूप बसते. ना पू, ना मोठा ताप. नुसता चिकट थर करते अन् हळूहळू स्क्रू ढिले करते."

"पण रिपोर्ट साफ होता," मारोतराव खुर्चीतून पुढं झाले. "काई उगवलं नाई म्हणे."

"तो जंतू थरात दडून बसते काका. उगवायले ठेवला तं नेहमी उगवत नाई. पण त्याचे प्रथिनं पट्टीले चिकटून राह्यले. ते वजनात पकडल्या गेले."

वैष्णवी घाबरली. "मग आता आईच्या पायात?"

"नाई नाई, ते आधी पाह्यलं. मी पहिला फोन डॉक्टरलेच केला होता. मागच्या महिन्यात त्याइनं रक्त तपासाले बोलावलं होतं नं? ते यासाठीच. सगळं साफ हाय. ऑपरेशनच्या वेळचं औषधबी पुरलं. नवी सळई पक्की बसली."

मारोतरावांनी घसा खाकरला. "म्हणजे तुहं म्हणणं... चालल्यानं नाई?"

चंदानं घाई केली नाही. हे वाक्य तिनं येताना स्कूटीवर मनातल्या मनात बरेचदा जुळवलं होतं. "काका, मी डॉक्टर नाई. अन् शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाई. पण आमच्या सराइनं अन् तुमच्या डॉक्टरनं मिळून सगळं पाह्यलं. नुसत्या वजनानं सुटली असती तं जंतूचे अन् लढाईचे एवढे निशाण सापडले नसते. जंतूनं ढिली केली, हेच सगळ्याइशी जुळते. एक दिवस धुऱ्यावर जाऊन भाजी खुडली म्हून पट्टी सुटली, असं कोणाले म्हणता येत नाई. डॉक्टरबी आता तसं म्हणत नाईत."

तुळसाबाई नवऱ्याकडे वळली नाही. ती पडद्याकडेच पाहत होती.

"परत सांग," ती म्हणाली.

"कोणतं मावशी?"

"भाजीचं."

चंदानं परत सांगितलं.

"अजून एकदा. जरा मोठ्यानं. आमच्या घरी एका जणाले कमी आयकू येते."

आता बायांना हसू आवरेना. जमनाबाईनं तर मांडीवर थाप मारली. चंदानं उभं राहून, शाळेत कविता म्हणावी तसं, तिसऱ्यांदा सांगितलं. तुळसाबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते वैष्णवीला कळेना, दोन्ही असावं.

मारोतराव उठले. टोपी नीट केली, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि तडक फाटकाबाहेर गेले.

"रागावले काय वं?" जमनाबाईनं विचारलं.

"रागावू दे," तुळसाबाई म्हणाली, पण फाटकाकडे तिनं दोनदा पाहिलं.

थोड्या वेळानं सोसायटीच्या ओट्याकडून ओळखीचा आवाज यायला लागला. चढा, रंगात आलेला. "जंतू होता, जंतू! पुण्याच्या मशीनीत निघाला. चारशे बारा प्रकारचे ते चिकटले होते, त्याच्यात दडून बसला होता. एवढा मोठा रिपोर्ट, त्यालेबी नाई सापडला. अन् लोकं म्हणे, चालल्यानं सुटली! अरे, चालल्यानं कुठी पट्टी सुटते काय? आमची मंडळी म्हणजे लोखंड हाय लोखंड!"

अंगणातल्या बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

मारोतराव परतले तेव्हा दुपट्ट्याची झोळी केलेली होती. त्यांनी ती तुळसाबाईसमोर उघडली. हरभऱ्याचे कोवळे शेंडे, काही नीट खुडलेले, काही मुळासकट उपटलेले.

"खुडता तं येत नाई," तुळसाबाई म्हणाली.

"उद्या तू चाल. दाखव," मारोतराव म्हणाले. माफी वगैरे काही त्यांच्या तोंडून निघाली नाही. पण त्या दिवशी ज्वारीच्या भाकरी टाकायला वैष्णवीला पिठाचा डबा त्यांनीच उतरवून दिला, आणि हे त्या घरात पहिल्यांदा घडत होतं.

जेवताना चंदानं दुसऱ्यांदा भाजी घेतली आणि मग आपली अडचण सांगितली. तिला निदान तीस पट्ट्या हव्या होत्या, मिळाल्या होत्या एकोणीस. लोक पट्टी घरी घेऊन जातात. अंगातली वस्तू, परक्याला कशी द्यायची.

"आपल्याच गावात चार जणाइपाशी हायेत," मारोतराव म्हणाले आणि हात धुऊन लगेच निघाले. अर्ध्या तासात अंगणात चार पट्ट्या आणि एक सळई जमा झाली. एकाची डब्यात, एकाची देवाच्या कोनाड्यात. एकानं तर ती बकरीच्या गोठ्याला खिटी म्हणून ठोकली होती. चंदानं एकेक हातात घेऊन पाहिली. तिला कुणाचं मन मोडवेना. "काका, ह्या धुतलेल्या हायेत. आता ह्याच्यावर बकरीचेच प्रथिनं सापडतीन. अंगातून निघाल्याबरोबर बर्फात ठेवाव्या लागतात."

"माह्या भावाची निघायची हाय अजून," जमनाबाई एकदम म्हणाली. "फुलसिंगची. हातातली. पुढच्या महिन्यात, वाशिमलेच. पण तो नाई देत. मी इचारलं तं म्हणे, चार वर्षं माह्या अंगात राह्यली, आता मी तिले घरीच ठेवीन."

"मी येते त्या दिवशी," तुळसाबाई म्हणाली. सहज म्हणाली, उद्या दळण आणते म्हणावं तशी.

आणि खरोखर ती गेली. महिन्याभरानं, सकाळच्या यष्टीनं, एकटी. मारोतरावांनी सोबत येतो म्हटलं तर तिनं त्यांना तुरीला बसवलं. फुलसिंग खाटेवर पागोटं मांडीवर घेऊन बसला होता. साठीचा माणूस, मोठ्या मिशा, घाबरलेला, पण ते दाखवत नव्हता. चंदा बाहेर दाराशी डबा घेऊन उभी होती. सख्ख्या मामाला आग्रह करणं तिला बरं वाटत नव्हतं.

"माह्या अंगातली चीज हाय बाई," फुलसिंग म्हणाला. "कायले देऊ?"

"मीबी दिली नं."

"तुमची सुटली होती. तुमाले समजून घ्याचं होतं काहून सुटली. माही तं मस्त बसली. हात बरा झाला. मले काय समजून घ्याचं?"

"बरा काहून झाला, ते."

फुलसिंग मिशीवरून हात फिरवत थांबला.

"पाह्य भाऊ," तुळसाबाई म्हणाली, "नुसत्या बिघडल्या पट्ट्याइवरून ते पोट्टी काय शिकन? ज्या वावरात पीक आलं नाई, तेवढंच पाह्यलं तं समजते काय काहून आलं नाई ते? शेजारचं, जिथं आलं, तेबी पाहा लागते. माही सुटली, तुही बसली. दोन्ही शेजारी ठेवल्या तवा फरक दिसन. मंग उद्या कोणाची सुटणार नाई, अशी पट्टी करता येईन. तुह्या पट्टीशिवाय माह्या पट्टीचा काई उपेग नाई."

दाराशी चंदानं भिंतीला डोकं टेकलं. तिच्या प्रबंधात या मुद्द्याला चार पानं लागली होती.

फुलसिंगनं पेन मागितलं. सही केली. मग म्हणाला, "पण मलेबी घरी येऊन सांगा लागन. तांड्यावर. सगळ्याइसमोर."

"येईन मामा," दारातून चंदा म्हणाली.

तिथून पुढं ते चालूच झालं. मंगळवार-शुक्रवार ऑपरेशनचे दिवस, दवाखान्यातली नर्स तुळसाबाईला फोन करायची, "मावशी, उद्या एक पट्टी आहे, बाई घाबरलेली आहे." तुळसाबाई जायची. आधी बाईचं घाबरणं काढायची, पट्टीचा विषय नंतर. कुणी नाही म्हटलं तर हट्ट करायची नाही; त्यांच्यासोबत चहा पिऊन परत यायची. पण बहुतेक हो म्हणायचे, आणि सगळ्यांची अट एकच असायची. घरी येऊन सांगायचं. वर्षभरात चौतीस पट्ट्या झाल्या आणि चंदाच्या वहीत गावांची यादी झाली. मालेगाव, शिरपूर, जऊळका, कारंजा. तिचे सर म्हणाले, "तू प्रबंध लिहिणार आहेस की जिल्हा फिरणार आहेस?" चंदा म्हणाली, "दोन्ही." सर तिसऱ्या फेरीला स्वतःच सोबत आले, आणि जऊळक्याला एका ओट्यावर यष्टीची गोष्ट त्यांनी स्वतः सांगून पाहिली. लोकांना समजली.

प्रबंध पूर्ण झाला त्या वर्षी श्रावणात तांड्यावर तीजेचा सण होता. टोपल्यांत पेरलेला गहू हातभर वर आला होता, पिवळसर हिरवा. तुळसाबाई आणि मारोतराव मोटारसायकलवर आले. चंदानं लिंबाखाली फुलसिंगचा निकाल सांगितला. हाडाच्या पेशी दोन्ही टोकांना कशा घट्ट बसल्या होत्या, तिच्या सगळ्या चौतीस पट्ट्यांमध्ये त्याच्या पट्टीचा थर कसा सगळ्यात चांगला निघाला. फुलसिंगनं पागोटं काढून परत बांधलं आणि तो हात सगळ्यांना दाखवत फिरला, जणू हातात अजून पट्टी होती.

मग पोरी टोपल्या घेऊन गोल फेर धरायला लागल्या. गाणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं, तुळसाबाईला शब्द कळेनात, पण ठेका कळला. गुळाच्या गोड गलवानीची वाटी तिनं खाली ठेवली. जमनाबाई आली, आपली आरशांची ओढणी तिच्या डोक्यावर टाकली आणि हात धरला.

"मले नाई येत वं," तुळसाबाई म्हणाली.

"कोणाले येते? पाय टाक."

तिनं पाय टाकला, आधी डावा, मग उजवा. फेरात दोन पावलं चुकली, तिसरं बरोबर पडलं. पलीकडून चंदा हसत तिच्याकडे बघत होती. मारोतराव तांड्यातल्या म्हाताऱ्यांमध्ये बसून काहीतरी सांगत होते आणि म्हातारे टाळ्या देत होते. दोन फेर झाले, तीन झाले.

"दम लागला काय?" जमनाबाईनं विचारलं.

"लागला," तुळसाबाई म्हणाली. "पण तू थांबू नको."